उवा परत आल्या नव्हत्या, त्या गेल्याच नव्हत्या

मुलीच्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा औषध लावलं, बारीक फणी फिरवली, मेलेल्या उवा पाहिल्या आणि वाटलं, सुटलो. दहाव्या दिवशी ती पुन्हा डोकं खाजवायला लागली. मी ताडकन बोलले, "परत त्या मैत्रिणीला चिकटून बसलीस ना?" ते बोलणं मला अजून टोचतं. मैत्रिणीचा काही संबंध नव्हता. या उवा माझ्या मुलीच्याच डोक्यातल्या लिखांतून निघाल्या होत्या.

लीख म्हणजे उवेचं अंडं. जेमतेम ०.८ मिलीमीटरचं. अंड्याला डोक्याची ऊब लागते, म्हणून मादी ते केसाच्या मुळाशी चिकटवते, आणि ते इतकं घट्ट बसतं की धुऊन निघत नाही. कोंडा झटकला की पडतो, लीख हलत नाही. पर्मेथ्रिनसारखं नेहमीचं औषध उवा मारतं, पण अंड्यातलं पिल्लू वाचतं. ७ ते १० दिवसांत ते बाहेर येतं, तीनदा कात टाकतं आणि साधारण ९ ते १२ दिवसांत मोठं होतं. मग मादी रोज ६ ते ८ अंडी घालते, जवळजवळ महिनाभर.

सगळी गोम या दिवसांत आहे. दुसऱ्यांदा औषध लावायचं ते नवव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे पिल्लं बाहेर आलेली असतात पण अंडी घालण्याएवढी वाढलेली नसतात. मी एकदाच लावून थांबले होते. आता ओल्या केसांना कंडिशनर लावून दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवते, पुरते दोन आठवडे.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे मुळापासून त्याहून लांब दिसणारी पांढरी लीख बहुधा रिकामं टरफल असते. त्या टरफलांपायी मुलींचे केस भादरलेले पाहिले की जीव तुटतो. आणि रॉकेल तर डोक्याला लावूच नका, पोर भाजेल.

"घाणेरडी राहतात म्हणून उवा होतात" हे वाक्य मुलांसमोर बोलणं बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. उवेला रक्त लागतं, मळ नाही. ती उडत नाही, उड्या मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. डोक्यावरून पडली तर दिवस-दोन दिवसांत मरते, म्हणून घरभर फवारणीही नको. पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे कळतं तेव्हा मूल महिनाभर सगळ्यांत मिसळलेलं असतं. त्या दिवशी त्याला वर्गातून उठवून घरी पाठवल्यानं काय साधतं? अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमीसुद्धा सांगते की उवांसाठी मुलाची शाळा बुडवू नये.

त्या मैत्रिणीच्या आईला मी स्वतः फोन केला. आधी माझ्या बोलण्याबद्दल माफी मागितली, मग दिवसांचा हा हिशोब सांगितला. पुढचं औषध दोघींच्या डोक्याला आम्ही एकाच दिवशी लावलं.