पोरसवदा आईबापांना वळण कसं लावावं

घरात अठरा वर्षांची आई आणि एकोणीस वर्षांचा बाप असेल, तर पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो अजून लहान आहे आणि ती आता बाई झाली आहे. "पोरगा आहे हो, त्याला काय कळतंय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगा आणि त्याच दमात तिला सुनवा, "आई झालीस आता, पोरकटपणा पुरे." तिनं मोबाइल हातात घेतला की बाळाकडं लक्ष नाही. त्यानं घेतला की दिवसभर गाडी चालवून दमलाय बिचारा, जरा मन रमवतोय.

लग्न गावी नेऊन उरकलंच असेल. मुलाला एकवीस पूर्ण लागतात, असं कायदा म्हणतो; मांडवात आधार कार्ड कोण बघतंय? मुलगी अठराच्या आतली असेल तर जरा सांभाळून. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. त्यावर आपल्याकडचा हमखास उपाय म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत दवाखान्यात नावच घालायचं नाही. रक्त किती, बीपी किती, कुणाला कळत नाही. सगळं गुपित राहतं, पोट सोडून. पुढं पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाच्या पाच हजारांसाठी आईचं वय किमान अठरा वर्षं सात महिने लागतं, हे समजलं की "तेवढे पैसेसुद्धा हिच्या नशिबात नाहीत," हेही तिलाच ऐकवा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. तेव्हा लाजू नका, सोबत भरपूर आहे. त्या बाळांच्या बापांचं पुढं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

आता मुख्य काम. बापाला बाळापासून लांब ठेवायचं. हे सोपं नाही, कारण सुरुवातीला पोरगा फार उत्साहात असतो. रात्री अडीचला बाळ रडलं की पोटमाळ्यावरून खाली उतरतो, अंधारात चाचपडत लंगोट शोधतो, गाठ उलटी मारतो. हीच वेळ असते. लगेच दिवा लावा आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणा, "अरे देवा, बाप्याचं काम आहे का हे? झोप तू, सकाळी ड्युटी आहे." सकाळी मोरीत त्यानं दुपटी धुतलीच, तर नळावर बायका आहेतच. बायकोच्या ताटाखालचं मांजर, हे शब्द त्याच्या मित्रांच्या कानावर गेले की नाक्यावरची पोरं पुढचं बघून घेतात.

लसीच्या दिवशी तर त्याला अजिबात नेऊ नका. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस. रात्री अंग तापणार, औषध किती थेंब द्यायचं हे नर्सबाई सांगणार. ते त्यानं ऐकलं तर उद्या त्याला विचारावं लागेल. लसीच्या कार्डावर बापाचं नाव आहे ना, तेवढं पुरे.

मुलीकडच्यांनीही मागं राहू नये. सव्वा महिना माहेरी म्हणून आणलेली मुलगी चांगली पाच महिने ठेवा. तो रविवारी भांडुपहून निघेल, कुर्ल्याला हार्बर पकडेल, मेगाब्लॉकमध्ये लटकत डायपरचं पाकीट छातीशी धरून मानखुर्दला पोचेल. त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि बाळ दुपट्यात गुंडाळून दोन हात लांबून पाहुण्यासारखं दाखवा. त्यानं हात पुढं केले तर, "मान धरता येत नाही अजून, राहू दे जावईबापू." दोन हातांत बाळ धरायला शिकायला वेळ लागतो, तो त्याला मिळता कामा नये. अर्ध्या तासानं घड्याळाकडं बघा.

खाजगी नोकरीत बाप झाल्याची रजा कायद्यानं मिळतच नाही, केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस मिळते. पार्सल पोचवणाऱ्या पोराला कुठली रजा? म्हणजे सरकारही आपल्याच बाजूला आहे.

एवढं नीट केलं की मुलगी रडायला लागते. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखवावं, असं शिकलेले लोक म्हणतात. तुम्ही मीठमोहरी उतरवा. मनाच्या दुखण्यासाठी सरकारनं काढलेल्या टेली-मानसचा १४४१६ हा फोन क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात, पण घरातलं बाहेर कशाला? आणि पोरगा मित्राच्या खोलीवर झोपायला लागला, गाडीच्या हप्त्याचं टेन्शन घेऊन पहाटेपर्यंत जागा राहिला, तर तो बाप्या आहे, त्याला कसलं टेन्शन?

मग एखादा रविवार तो येणार नाही. पुढचाही चुकेल. तेव्हा मजल्यावर सगळ्यांना सांगा, "आम्हाला आधीच माहीत होतं, हा जबाबदारी घेणारा नाही." समोरच्या काकू जोरजोरात मान हलवतील. त्यांचा सव्वीस वर्षांचा घोडा अजून जेवल्यावर ताट उचलत नाही.