पाणीपुरीतून एचआयव्ही होत नाही

पाणीपुरीवाल्याचं बोट कापलं, रक्ताचा थेंब पाण्यात पडला आणि खाणाऱ्या मुलाला एचआयव्ही झाला, असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो साफ खोटा आहे. हा विषाणू शरीराबाहेर वाढत नाही, पोटातल्या आम्लात तग धरत नाही. लागण होते ती असुरक्षित संभोगातून, बाधित रक्तातून, वापरलेल्या सुईतून किंवा आईकडून बाळाला. एका ताटात जेवून किंवा सार्वजनिक संडास वापरून नव्हे.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असल्याच धास्तीने तीनदा तपासणी केली. तिन्ही निगेटिव्ह; तरी काखेतली गाठ हे एचआयव्हीचं लक्षण असेल या भीतीने रात्री उठून काख चाचपतो. फार वाईट वाटतं. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत, गोपनीय तपासणी आणि समुपदेशन मिळतं. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोनही मोफत आहे.