टाकाऊ कुठं मिळंल?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, २८ तारखेला विज्ञान दिनानिमित्त किमान एक कृतीयुक्त उपक्रम घ्यावा आणि फोटो त्याच दिवशी पाचच्या आत टाकावेत. १९२८ साली याच तारखेला रामन यांना प्रकाशाचा तो परिणाम सापडला, १९३० ला नोबेल मिळालं, हे मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूनं लिहिते. पण रामन साहेबांना पाचच्या आत फोटो टाकायचा नव्हता ना, म्हणून जमलं असेल त्यांना.

मी औसा तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, राहायला लातूरला, रोज अपडाऊन. शाळेत साहित्य नाही असं म्हटलं तर खोटं होईल. साहित्य आहे, कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि चावी हेडसरांच्या खिशात आहे. "मॅडम, परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉकला, म्हणजे सामानाच्या रजिस्टरला, काय लिहू मी?" हा त्यांचा प्रश्न आणि याला आजवर कोणापाशी उत्तर नाही. एकदा हट्टानं कपाट उघडायला लावलं तर पट्टीचुंबक निघाले, पण कोणीतरी सारखी टोकं एकाच बाजूला करून वर्षानुवर्षं खेटून ठेवलेले, त्यामुळं त्यांच्यातली ताकदच गेलेली. टाचणी उचलेनात. रजिस्टरला मात्र 'चुंबक, नग ४, सुस्थितीत'.

मग राहिला मोबाईल. रात्री भांडीकुंडी आवरून बसले तर इंग्रजी व्हिडिओवाली बाई हसत हसत म्हणते, घरात सहज मिळणाऱ्या वस्तू घ्या, आणि पुढं काय तर ड्राय आइस, पाईप क्लीनर आणि लाल कोबी! लातूरच्या गोलाईत, बाजारात, भाजीवालीला लाल कोबी विचारला तर ती म्हणे, "सडका व्हय माय?" शेवटी आम्ल-आम्लारी ओळखायला कोबीऐवजी घरची हळदच वापरली, हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवला, त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल. मी मोठ्या झोकात दाखवलं, तर सहावीतली पोरगी म्हणते, मॅडम, आमची आज्जी हळदीत चुना घालून असंच कुंकू करायची. बसा आता.

एक उपक्रम तर असा सापडला की सामानच लागत नाही. आपल्या लातूर भागात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच गायब होते. नुसती काठी रोवायची! पण एकदा येतो मेच्या मध्यावर, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी, तेव्हा ढग. एरवी पावसासाठी डोळे लावून बसायचं आणि नेमकं त्याच दिवशी आभाळ गच्च.

मग अरविंद गुप्तांची साईट हाती लागली. हा माणूस आयआयटीतला इंजिनिअर, १९७८ ला टेल्कोतून, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीतून, वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादला शाळेतल्या पोरांसोबत काम करायला गेला आणि काड्यापेटीच्या काड्या आन् सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्रिकोण, चौकोन, घरं, काय काय उभं केलं. पुढं आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी. सगळं फुकट, मराठीतही. म्हटलं, मिटलं, आपल्याला फक्त कचरा लागणार.

तर कचराच मिळेना की हो.

सायकलवाल्याला व्हॉल्व्ह ट्यूब मागितली तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी दुकानात बैलगाडीचा कणा मागितला. फोटोच्या रिळाची डबी कशी असते हे पोरांनाच काय, नव्या शिक्षकांनाही माहीत नाही. स्ट्रॉ आणायला गेले तर २०२२ पासून प्लास्टिकची बंद, कागदाची घेतली, ती पाण्यात घातल्याबरोबर मान टाकून बसली. पोरांना म्हटलं रिकाम्या बाटल्या आणा, तर दुसऱ्या दिवशी पन्नासात तीनच, त्यातल्या दोन मधल्या सुट्टीत घेऊन गेले कारण बापाला शेतात पाणी न्यायचं होतं. किराणावाल्याचं बिस्किटाचं खोकं रद्दीच्या भावानं किलोवर विकत घेतलं. घरी ओट्याखालची एक बाटली उचलली तर सासूबाई आतून, "अगं ती ठिव, काळा मसाला हाय त्यात. अन् तिच्या शेजारचीबी ठिव, ती उद्या लागंल." टाकाऊपासून टिकाऊ म्हणतात, पण आमच्याकडं टाकाऊ होईपर्यंत वस्तूचे तीन जन्म होऊन गेलेले असतात.

अखेर ठरलं, सिरिंजचा जेसीबी, म्हणजे सिरिंजमधल्या पाण्याच्या दाबावर हात उचलणारा पुठ्ठ्याचा जेसीबी. मेडिकलवर गेले आणि म्हटलं, वीस एमएलच्या चार, पाचच्या चार आणि सलाईनची नळी द्या, सुया नकोत. सुया नकोत म्हटल्यावर त्याला जास्तच संशय आला. जरा विचार करून म्हणाला, "शेळ्या घेतल्यात का मॅडम? औषध पाजायला?" मी हो म्हटलं. कोण समजावून सांगत बसतं, एसटी निघायली होती.

२८ तारखेला पुठ्ठा कापला, सायकलच्या स्पोकचा कणा केला, दोन सिरिंजा नळीनं जोडून पाणी भरलं आणि दट्ट्या दाबला. जेसीबीचा हात नुसता थरथरला. परत दाबला, परत थरथर, दट्ट्या स्पंजासारखा आत जायचा अन् सोडला की बाहेर. व्हिडिओत तर पहिल्या झटक्यात उचलतो! घामच फुटला मला, घड्याळात सव्वातीन.

मागच्या बाकावरचं एक पोरगं, परीक्षेत कधी दहाच्या वर न गेलेलं, उठून उभं राहिलं. याचा बाप गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

"मॅडम, एअर घेतलाय."

"काय घेतलाय?"

"नळीत हवा हाय. टॅक्टरचं डिझेल संपल्यावर लाईनीत एअर घुसतो की, मग इंजिन कुठं चालू हुतंय? हवा दबती, पाणी दबत न्हाई. थांबा."

बादली आणली, नळी आणि दोन्ही सिरिंजा पाण्यात बुडवल्या, बोटानं टिचक्या मारून एकेक बुडबुडा हुसकला आणि पाण्याखालीच जोडणी केली. दाबलं तर जेसीबीनं खडूची डबी उचलली! मग त्यानंच पाच एमएलची इकडं आणि वीसची तिकडं लावून बघितली, आन् म्हणतंय, बारकी लई ढकलावी लागती पण जड उचलती, जॅकवानी. बंद पाण्यावर दिलेला दाब सगळीकडं सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम फळ्यावर मी त्यानंतर लिहिला, तेही जरा हळू आवाजात. आणि ते बादलीतलं पाणी कुणी ओतून दिलं नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेला जिल्हा आहे हा, सातवीच्या पोरींनी न सांगता नेऊन लिंबाच्या बुडाला घातलं.

फोटो काढले पण पन्नास लेकरं अशी वाकली होती की फोटोत नुसती डोकी, त्यातली दोन तर बिनविंचरलेली. पाचला दहा कमी असताना टाकले. वरून उत्तर आलं, "कृती दिसत नाही, परत पाठवा." पोरांना परत उभं केलं, लांब, ओळीत, हाताची घडी घालून, मध्ये टेबलावर जेसीबी. त्यावर लगेच "छान" आणि दोन हात जोडलेले.

एवढं कौतुक झाल्यावर हेडसर रजिस्टर घेऊनच आले. 'जेसीबी (पुठ्ठ्याचा)' लिहायला रकान्यात जागा पुरेना म्हणून त्यांनी लिहिलं, 'जेसीबी, नग १, चालू स्थितीत', माझी सही घेतली आणि जेसीबी उचलून त्या चुंबकांच्या शेजारी ठेवला. ऑडिटवाला आल्यावर काय होईल ते होईल. कुलूप लावताना मागून ते ट्रॅक्टरवाल्याचं पोरगं ओरडलं,

"सर, आधी पाणी काढा त्यातलं, पुठ्ठा सडंल!"