आत्या, ते 'ऑक्सिजनचे थेंब' पिऊ नकोस

काल आत्याचा फोन. "अरे, पाण्यातला वाईट ऑक्सिजन काढणारा फिल्टर घ्यावा म्हणते, थेंब तर मागवलेसुद्धा." वाईट ऑक्सिजन! फॅमिली ग्रुपवर तीन दिवस फिरणारा तो मेसेज मी न वाचताच वर ढकलत होतो, चूक माझीच. मेसेज म्हणतो, साध्या पाण्यात किरणोत्सारी ऑक्सिजन-१८ असतो, त्याने कॅन्सर होतो, फिल्टरने तो जातो. ऑक्सिजनवालं पाणी प्यायलं की रक्तात ऑक्सिजन वाढतो. कॅन्सर ऑक्सिजनमध्ये जगत नाही हे शोधलं म्हणून ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. आणि रोज फूड ग्रेड हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब घ्या, तेच हे 'ऑक्सिजनचे थेंब'.

ऑक्सिजन-१८ पाण्यात असतो, हे मान्य. पुढचं सगळं थापा. निसर्गात ऑक्सिजनचे आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू, तीन: १६, १७ आणि १८. त्यात १६च ९९.७६ टक्के, १८ जेमतेम ०.२ टक्के, आणि तिन्ही स्थिर, म्हणजे किरणोत्सर्ग शून्य. १८ मध्ये १६ पेक्षा दोन न्यूट्रॉन जास्त म्हणून तो वजनाला जड, इतकंच. ७० किलोच्या माणसाच्या अंगात शंभरेक ग्रॅम ऑक्सिजन-१८ असतोच, आत्याच्याही आहे, आणि घरचा आरओ तो वेगळा काढूच शकत नाही. किरणोत्सारी असतो तो ऑक्सिजन-१५, पण तो दोन मिनिटांत निम्मा होतो, नळातून काय येणार कप्पाळ. आणि गंमत बघा, ऑक्सिजन-१८ ठासून भरलेलं पाणी प्रचंड महाग असतं, कारण त्यावर प्रोटॉन मारून फ्लोरिन-१८ बनवतात आणि तोच पेट स्कॅनमध्ये कॅन्सर शोधायला वापरतात!

ऑक्सिजनवालं पाणी: साध्या लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सुमारे ८ मिलिग्रॅम, कितीही कोंबला तरी एकदोन श्वासांत मिळतो त्याहून फार काही पोटात जात नाही. शिवाय पोट म्हणजे फुप्फुस नाही.

वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमवर. कॅन्सरच्या पेशी साखर वेगळ्या पद्धतीने जाळतात हे त्याने दाखवलं होतं, ते खरंय, पण ऑक्सिजन भरपूर असतानाही त्या तसंच करतात, म्हणजे ऑक्सिजनमध्येही जगतात, मेसेजच्या बरोब्बर उलट.

आता थेंब, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. बाटलीवर ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लिहिलंय. जखमेवर लावायला मेडिकलमध्ये मिळतं ते ३ ते ६ टक्क्यांचं, आणि तेही फेसाळतं. ३५ टक्केवालं कातडी भाजतं. एक मिलीतून शंभर मिलीच्या वर गॅस सुटतो, पोटात सुटला तर अन्ननलिका, जठर भाजतं, ते बुडबुडे रक्तात शिरले तर माणूस जाऊ शकतो. 'फूड ग्रेड' म्हणजे खायचं असा अर्थ कुणी काढला देव जाणे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी अन्न-औषध खात्याने, जुलै २००६ मध्येच जाहीर इशारा दिला होता की हे औषध म्हणून पिऊ नका, जीव जाऊ शकतो, आणि तेव्हाही ते कॅन्सरवरचा इलाज म्हणूनच खपवलं जात होतं. वीसेक वर्षं झाली, मेसेज तोच, फक्त भाषा मराठी झाली.

"पाण्यात टाकून घेते ना, पाचच थेंब," आत्या म्हणाली. आत्या, पाच पण नाही. थेंब मोजताना हात हलला तर? आणि ग्लासाशेजारी ती बाटली ठेवतेस, घरात तीन वर्षांचा नातू आहे. बाटली घ्यायला मी संध्याकाळी येतोय, तोवर झाकण उघडू नकोस.