बिचारा विल

जागा बुक करताना मी दोन कॅलेंडरं समोर ठेवली होती. एक ऑफिसचं, सुट्टी बघायला. दुसरं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं, तिथी बघायला. शुक्रवारी बुद्ध पौर्णिमा येत होती.

‘‘तंबू, तळं आणि वर पूर्ण चंद्र!’’ मी बायकोला म्हणालो.

‘‘आणि बाथरूम?’’ ती म्हणाली.

तेही होतं, तंबूपासून दीडशे पावलांवर. शिवाय शनिवारी मंडळाचा महाराष्ट्र दिन होता आणि त्यातला दरवर्षीचा पोवाडा चुकवायला याहून निसर्गरम्य सबब मिळाली नसती.

तर एडिसनहून गाडी काढून आम्ही दक्षिण न्यू जर्सीतल्या बेलप्लेनला पोचलो. नावात ‘स्टेट फॉरेस्ट’ आहे, पण कारभार स्टेट पार्कवाल्यांचाच. २१ हजार एकरांहून मोठं जंगल, मधोमध नमी नावाचं छोटं तळं. हे तळं पूर्वी क्रॅनबेरीची पाणथळ शेती होती. १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून त्याचं तळं करून घेतलं. थोडक्यात, रोजगार हमीचं काम. हे ऐकल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

घरच्यासारखं वाटणं तंबू ठोकेपर्यंत टिकलं. हा पाइन बॅरन्सचा टापू. खाली सगळी वाळू. खुंटी ठोकली की लोण्यात सुरी जावी तशी आत जायची आणि दोरी ताणली की तितक्याच प्रेमाने बाहेर यायची. शेवटी एका कोपऱ्याला कुकर, दुसऱ्याला भाजणीचा डबा, तिसऱ्याला पाण्याचा कॅन आणि चौथ्याला आमचा नऊ वर्षांचा मुलगा अशी वजनं लावून तंबू उभा राहिला. मुलगा खेळायला पळाला की तो कोपरा बसायचा.

सरपण घरून आणायचं नाही. ॲश झाडाला पोखरणारा हिरवा भुंगेरा लाकडातून गावोगाव पसरतो, म्हणून जळण तिथल्या तिथे विकत घ्यायचं. कारण पटलं, पण खिशातून पैसे काढून सरपण घेताना माझ्या आजोळची परसातली लाकडं डोळ्यांपुढे आली. स्टेट पार्कात दारूलाही बंदी. म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते पूर्ण शुद्धीत ऐकलेलं आहे, हे लक्षात असू द्या.

थालीपीठ जरा करपलं, पण चांदण्यात ते दिसत नव्हतं. चंद्र पाइनच्या शेंड्यांवर आला. मुलगा झोपला. मी बायकोला म्हणालो, ‘‘ऐक, किती शांतता आहे.’’

मला वाटतं, तो याच वाक्याची वाट बघत होता.

‘‘व्हिप-पुअर-विल!’’

तंबूच्या अगदी मागून. पक्षी स्वच्छ इंग्रजीत बोलला. ‘‘व्हिप-पुअर-विल! व्हिप-पुअर-विल!’’ सेकंदाला एक, मध्ये श्वास नाही.

हा आपल्याकडच्या रातव्याच्या कुळातला. पाचोळ्यासारखा रंग, दिवसभर पाचोळ्यातच पडून राहायचं, रात्री पतंग खायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचं नाव पुकारायचं. नावाचा अर्थ बघा : बिचाऱ्या विलला चाबकाने फोडा. आपला पावशा उन्हाळ्याच्या शेवटी ओरडतो, तर शेतकऱ्याने त्यात ‘पेरते व्हा’ ऐकलं. पक्षी ओरडला तरी कामाचं बोलतो, शेतीचा सल्ला देतो. इकडच्या लोकांनी ऐकलं काय, तर कुणा गरिबाला फटके मारायची फर्माईश. पहिली पाच मिनिटं मला हे फार मार्मिक वाटलं आणि मी ते बायकोला सांगितलंही. विसाव्या मिनिटाला मला त्या विलचा पत्ता हवा होता. चाबूक मी आणला असता.

दहानंतर कॅम्पात शांतता पाळायची असा नियम आहे. शेजारच्या तंबूतल्या पोरांनी दहाच्या ठोक्याला गिटार बंद केली. नियम याला कुणी सांगितला नव्हता.

कॉलेजात असताना अशाच एका बुद्ध पौर्णिमेला मी प्राणिगणनेसाठी मेळघाटात मचाणावर बसलो होतो. खाली पाणवठा, हातात कागद. रात्रभर हूं की चूं करायचं नाही, पाण्यावर जो येईल त्याची नोंद करायची आणि एकच प्राणी दोनदा मोजायचा नाही. तेव्हा माझ्या कागदावर दोन सांबरं, एक अस्वल आणि बरेच डास होते. ती सवय जागी झाली. मी मोजायला लागलो.

एकशे बारावर तो थांबला. मी सुटकेचा श्वास घेतला. तो फक्त जागा बदलत होता. आता डोक्यापासून चार हातांवर. इतक्या जवळून एक नवीनच गोष्ट कळली : प्रत्येक हाकेच्या आधी तो घशात बारीक ‘क्वक्’ करतो. लांबून हे ऐकू येत नाही. गवय्याने तान घेण्याआधी घसा साफ करावा तसा, पण हा प्रत्येक तानेआधी. त्यानंतर मला हाक ऐकूच येईना, नुसतं ते ‘क्वक्’ कधी येतं याचीच धास्ती.

‘‘क्वक्.’’

‘‘तीनशे शहाण्णव,’’ अंधारातून बायकोचा आवाज आला.

‘‘तू पण मोजतेयस? तीनशे एकोणनव्वद आहेत.’’

‘‘मध्ये सात वेळा तू घोरलास.’’

मी टक्क जागा होतो. पण रात्री दीड वाजता, वाळूवर, पातळ गादीवर पडून हा वाद जिंकायचा कसा? चारशे एकोणीसला (तिच्या हिशेबाने) तो थांबला आणि पुन्हा एकपासून सुरू झाला. जॉन बरोज या निसर्गलेखकाने एका पक्ष्याच्या सलग १,०८८ हाका मोजल्याचं मी नंतर वाचलं. बरोज यांच्या सौभाग्यवतींचा आकडा किती होता, ते कुठे दिलेलं नाही.

सकाळी मी डोळे चोळत नळावर गेलो. गळ्यात दुर्बीण, पायमोजात खोचलेली पँट (इथे गोचिडींपासून लाइमचा आजार होतो), अशा एक आजी दात घासत होत्या. मेच्या सुरुवातीला इथे जिकडेतिकडे पक्षीवाले असतात. दक्षिणेतून पिवळेजर्द वॉर्ब्लर येतात आणि ही मंडळी दिवसभर माना वर करून हिंडतात. संध्याकाळी सगळ्यांच्या माना एकाच बाजूला आखडलेल्या.

‘‘रात्री झोप झाली का?’’ आजींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ‘क्वक्’सुद्धा करून दाखवलं. मला सहानुभूती हवी होती. आजींचा ब्रश तोंडातच राहिला.

‘‘चार हातांवर? रात्रभर? अहो, मी तीन वर्षं त्याच्यासाठी येतेय!’’

मग नळाशीच शाळा भरली. या पक्ष्यांची संख्या १९७०पासून निम्म्याहून जास्त घटली आहे. पतंग कमी झाले, मोकळी रानं कमी झाली. शिवाय हा चंद्राच्या हिशेबाने चालतो. उजेडात शिकार दिसते, म्हणून अंडीसुद्धा अशा बेताने घालतो की पिल्लं मोठी होताना चांदणं मिळावं. पौर्णिमेला त्याला कंठ फुटतो. ‘‘तुम्ही मुद्दाम पौर्णिमा बघून आलात ना? हुशार आहात!’’

बायको माझ्याकडे बघत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचा विषय तिने काढला नाही. तो घरी जाऊन निघणार होता.

आजींनी फोनवरच्या ॲपमध्ये नोंद करायला लावली. पक्ष्याचं नाव निवडलं. पुढे चौकोन : संख्या.

‘‘चारशे एकोणीस,’’ बायको म्हणाली.

‘‘हाका नाही, पक्षी,’’ आजी म्हणाल्या.

मचाणावरचा नियम. मी १ लिहिलं. मुलगा आळस देत तंबूतून बाहेर आला आणि त्याने विचारलं, ‘‘कुठला पक्षी?’’

शनिवारी संध्याकाळी आजी घडीची खुर्ची घेऊन आमच्याकडे आल्या. सोबत आणखी पाच जण. तंबूमागे अर्धवर्तुळ करून बसले. मी सगळ्यांना चिवडा दिला, पण कुरकुर आवाज होईल म्हणून कुणी खाईना. साडेआठ झाले. नऊ. चंद्र वर आला. दहा. पानसुद्धा हललं नाही. एकाने माझ्याकडे असं पाहिलं की मला आधार कार्ड दाखवावंसं वाटलं.

सव्वादहाला खुर्च्या मिटल्या. आजी ‘‘असं होतं कधीकधी’’ म्हणाल्या आणि बॅटरीचा उजेड झाडांत दिसेनासा झाला. आम्ही तंबूत शिरलो, चेन ओढली, उशी नीट केली.

‘‘क्वक्.’’

‘‘एक,’’ बायको म्हणाली.