पाहुण्याला रोजचंच वाढा

घरी कुणी येणार म्हटलं की हल्ली पहिल्यांदा फोन हातात घेतला जातो आणि बिर्याणी मागवली जाते. पाहुणा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, घरची बाई आत काचेची भांडी पुसतेय, मुलं आपापल्या खोलीत. ही तऱ्हा आता आपल्या वसईतही चांगलीच रुजली आहे आणि मला ती मुळीच पटत नाही. पाहुण्याला आपण रोज जे खातो तेच वाढावं आणि त्याला आत बोलवून आपल्यातच बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचं माहेरचं घर पाहुणचारासाठी गावात नावाजलेलं होतं. त्या घरात पाहुण्यासाठी वेगळं असं फारसं काही शिजत नसे, आणि म्हणूनच तिथे वर्षभर माणसं येऊ शकत होती.

आज हे लिहायला तारीखही बरी सापडली आहे. २९ जुलै, म्हणजे बेथानीच्या मार्था, मरिया आणि लाजर या तीन भावंडांचा सण. पूर्वी या दिवशी एकट्या संत मार्थाचं नाव असायचं. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या सणांच्या कॅलेंडरमध्ये तिघांची नावं एकत्र घातली. येशू ज्या घरी हक्काने उतरायचा, त्या घरातल्या सगळ्यांचा मिळून हा सण झाला. मला हा बदल मनापासून आवडला. तो का, ते पुढे सांगते.

माझं माहेर वसईतल्या निर्मळ-नंदाखाल पट्ट्यातलं, कुपारी या इथल्या ख्रिस्ती समाजातलं कुटुंब. आजी-आजोबा, तीन काका, तीन काकू, आई-बाबा, लग्न न केलेली एक आत्या आणि आम्ही पोरं, एका छपराखाली. पुढे भाताचं शेत, मागे केळी आणि भाजीची वाडी, कडेला मोगरा. ऑफिसातल्या मैत्रिणी मला अजून विचारतात, "तुमच्याकडे रोज मटण आणि केक असतो ना?" त्यांना कसं सांगू! केक नाताळला आणि कुणाच्या लग्नाला. इंद्याल, म्हणजे आमचं मसालेदार मटण, सणावाराला. राखेच्या बुधवारी आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाचं नावसुद्धा नाही. एरवी सकाळी पेज, दुपारी भात आणि कालवण, रात्री तांदळाची भाकरी आणि वाडीत जे निघालं असेल त्याची भाजी. पोर्तुगीज १७३९ साली वसईतून गेले. आमच्या ताटातली भाकरी ते यायच्या आधीपासूनची आहे आणि ते गेल्यावरही तीच राहिली.

पहाटे मोठी काकू आणि आत्या भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जायच्या. पहिल्या लोकलला वसईच्या बायकांची गर्दी असायची, लाल लुगडी आणि डोक्यावर पाट्या. त्या निघायच्या आधी आजीची पेज चुलीवरून उतरलेली असे. पेज, मीठ, वर भाजलेला सुका बोंबील. ज्यांना चर्चमध्ये सहाच्या मिस्साला, म्हणजे सकाळच्या उपासनेला, जायचं ते परत येऊन पेज प्यायचे, ज्यांना शेतावर जायचं ते पिऊन निघायचे. कोण कधी खातो याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं, टोप रिकामा होत नाही ना एवढंच आजी बघायची.

जुलैचा महिना म्हणजे लावणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी नाही. मे महिन्यात भरून ठेवलेले डबे आता उघडायचे: सुका बोंबील, सुकट, जवळा. शिवाय फणसाच्या आठळ्या आणि त्याच मे महिन्यात कांडलेला मसाला. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त व्हायचं ते सुकट आणि कच्ची केळी. ते कसं करतात ते नीट सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्या टोपात आहे.

सुकट आधी कोरड्या तव्यावर भाजायची. वास आळीभर जातो, जाऊ द्यावा. मग ती हाताने चोळून पाखडायची म्हणजे मिशा-पाय निघून जातात, नंतर पाण्यातून काढायची. केळी सोलताना हाताला तेल लावून घ्यायचं, नाहीतर चिकाने बोटं काळी होतात आणि दोन दिवस जात नाहीत. फोडी लगेच मिठाच्या पाण्यात. ओलं खोबरं, लाल मसाला, हळद आणि थोडे धणे पाट्यावर बारीक वाटायचे. कांदा परतला की वाटण, मग केळी, केळी अर्धी शिजली की सुकट, शेवटी दोन-तीन आमसुलं. रस पातळच ठेवायचा, भातावर घ्यायचा असतो ना.

आता यात कुणी अचानक आलं तर? आजी वाडीकडच्या दाराशी जाऊन हाक मारायची, "आणखी चार केळी आणा रे!" झालं. चार केळी वाढली, तांब्याभर पाणी वाढलं, चिमूटभर मीठ वाढलं. जेवायला दहा असोत नाहीतर पंधरा, कालवण पुरायचं. मटणाचे तुकडे मोजावे लागतात, केळ्याच्या फोडी कुणी मोजत नाही. मोठ्या घराचा पाहुणचार हा असल्या पदार्थांवर उभा असतो. मनाचा मोठेपणा लागतो हे खरंच, पण जिन्नसही वाढणारा लागतो.

आणि पाहुणा नुसता बसून राहत नसे. तांदूळ निवडायला, नारळ खवायला, शेंगा सोलायला त्याला घ्यायचेच. आगाशीचे बाबांचे मामा आले की विळी त्यांच्या पुढ्यात सरकवली जायची. नारळ खवता खवता ते जे बोलायचे ते सोफ्यावर बसून कधी बोलले नसते: कर्ज, मुलाचं न जमणारं लग्न, भावाशी धरलेला अबोला. हातांना काम असलं की जीभ मोकळी होते, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

लावणीला वारली मजूर यायचे. त्यांना त्याच टोपातलं, आणि आमच्या आधी, कारण ते पहाटेपासून चिखलात असायचे. आमच्या शाळेतले एक गुरुजी श्रावणात हमखास एकदा यायचे. ते त्या महिन्यात सामिष खात नसत. त्या दिवशी घरात सुकटीचा डबा उघडायचाच नाही. अळूचं फदफदं, वरण, भाकरी, सगळ्यांना तेच. त्यांच्यासाठी वेगळं शिजवून त्यांना एकटं बसवलं असतं तर ते पाहुणेच राहिले असते. "आज आमचापण श्रावण," असं आजोबा त्यांना हसून सांगायचे आणि पंगतीत शेजारी बसवायचे.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. घरात आम्ही कादोडी ही आमची बोली बोलतो, प्रार्थना मराठीतून. पाहुणा आला म्हणून रोझरी कधी टळली नाही, आणि रोझरी आहे म्हणून पाहुण्याला कुणी उठवलं नाही. ज्याला म्हणायची त्याने म्हणावी, ज्याला नाही त्याने ओट्यावर बसावं. पण शेवटच्या विनंत्यांमध्ये त्याचंही काही असायचं. कुणाच्या बहिणीचं ऑपरेशन, कुणाची गेलेली नोकरी. आपलं दुखणं दुसऱ्याच्या घरच्या प्रार्थनेत ऐकलं की माणूस जेवताना मोकळा बसतो. मग भाकरीचा पहिला तुकडा मोडताना संकोच उरत नाही.

इथवर वाचून बऱ्याच जणांना आपापलं जुनं घर आठवलं असेल. पण या आठवणींत एक गोष्ट नेहमी गाळली जाते, ती मी गाळणार नाही. माझी आई आणि काकू शेवटी जेवायच्या. टोपाच्या तळाचं, बऱ्याचदा नुसता रस आणि भात. दादरहून उभ्याने प्रवास करून आलेली मोठी काकू दुपारी पुन्हा पाट्यावर बसायची. लग्नात नि बारशात आमच्या घराच्या पाहुणचाराचं कौतुक व्हायचं, ते मांडवात बसलेल्या पुरुषांचं व्हायचं.

म्हणून मला मार्थाबद्दल बोलायचं आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात तिची गोष्ट आहे. येशू घरी आलाय, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, मार्था कामात बुडालीय, आणि ती तक्रार करते की बहिणीने सगळं काम माझ्या एकटीवर टाकलं. या उताऱ्यावर मी जी प्रवचनं ऐकली त्यांत बहुतेक वेळा मार्थाची थोडी कानउघाडणीच होते: मरियेने चांगला वाटा निवडला, आपणही प्रार्थनेला वेळ द्यावा. खरं आहे. पण मला त्या तक्रारीतला "एकटीवर" हा भाग ऐकू येतो. ती काम नको म्हणत नाहीये. योहानच्या अकराव्या अध्यायात भावाच्या मरणाच्या दुःखात ह्याच मार्थाने येशूला तोंडावर सांगितलं की तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस. इतकी स्वच्छ कबुली प्रेषितांमध्ये पेत्राने दिली. आणि बाराव्या अध्यायात ती पुन्हा वाढतेच आहे, लाजर पंगतीला बसलाय. म्हणजे तिच्या श्रद्धेत काही उणं नव्हतं आणि कामाचाही तिला कंटाळा नव्हता. तिला जोडीला माणूस हवं होतं.

त्या पहिल्या दिवशी लाजर काय करत होता, हे लूक सांगत नाही. आपल्या घरातल्या पुरुषांनी आज या सणाच्या दिवशी एवढ्याच प्रश्नावर विचार करावा असं मला वाटतं. तिघांचं नाव एका दिवशी आलं याचा मला आनंद झाला तो यासाठी. पाहुणचार मार्थाचा असतो असं आता म्हणता येणार नाही, तो घराचा असतो.

आमच्या घरी बदल घडला तो मधल्या काकांमुळे. ते निवृत्त झाले आणि कुणी न सांगता सकाळची पेज त्यांनी आपल्याकडे घेतली. पुढे मासे साफ करणं, मग नारळ. आजोबांना सुरुवातीला ते खपत नव्हतं. काका त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत, पाटा मात्र सोडला नाही. वर्षभरात आजी, आई आणि काकू पंगतीत सगळ्यांबरोबर बसायला लागल्या, टोप मध्ये ठेवून ज्याने त्याने वाढून घ्यायचं. मी पाहिलेला सगळ्यात मोठा सण तो होता असं मी आजही म्हणते.

आता घर वाटलं गेलंय. २००९ साली महापालिका आली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, भावंडं नालासोपाऱ्यापासून नायगावपर्यंत फ्लॅटमध्ये पांगली. मी पाहुणचाराचं बोलते तेव्हा ती म्हणतात, "ताई, जागा कुठे आहे? दोघंही नोकरीला, रात्री आठला घरी पोचतो." कबूल. वसई रोड स्टेशनवरून चर्चगेटला रोज जाणाऱ्या बाईला मी पुरणपोळ्या लाटायला सांगत नाहीये. मी उलटंच सांगतेय. वरणभात तर होणारच आहे ना आज? मग त्यातच दोन वाट्या वाढवा. आमचा एक भाऊ वन रूम किचनमध्ये राहतो आणि त्याच्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी जेवायला असतं, कारण तो आणि त्याची बायको डाळ-भात-पापड-लोणच्याच्या पुढे जात नाहीत. जमिनीवर चटई, मधे कुकर. आमच्या कुटुंबात सगळ्यात जास्त माणसं आज त्याच्या घरी जातात. मोठ्या टेबलवाल्या घरांत जायला आम्हालाच आधी विचार करावा लागतो.

अडवते ती लाज. "सुकट काय वाढायची पाहुण्यांना!" हे वाक्य मी सासरीही ऐकलंय, माहेरीही. आपलं रोजचं खाणं दुसऱ्याला दाखवण्यासारखं नाही, असं आपण कधीपासून धरून चाललो? ज्या पेजेवर आणि केळ्यावर चार पिढ्या वाढल्या, ज्या भाजीच्या पाटीवर आमची शिक्षणं झाली, तेच ताटात वाढायला कमीपणा वाटावा? मला याचा खरोखर राग येतो. मुलंही हेच बघून शिकतात की घरचं ते आपल्यापुरतं आणि बाहेरचं ते माणसांसाठी. उद्या ती फोन केल्याशिवाय आपल्याकडेही येणार नाहीत.

ज्यांना घरी आजारपण आहे, ज्यांचा हात खरंच तंग आहे, त्यांना हे लागू नाही. अशा घरी आपण डबा घेऊन जायचं असतं. आमच्या आळीत मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारचे पेज आणि भात पोचवतात, हे अजून टिकून आहे आणि टिकवायलाच हवं.

आमच्या घरी आज सुकट-केळीच आहे. दोन दिवसांनी बंदी उठेल, पण होड्या जाऊन ताजे बोंबील बाजारात यायला थोडा वेळ लागेल, तोवर हेच. साडेसातला रोझरी, आठच्या सुमाराला पान. फोन न करता आलात तरी चालेल. नारळ खवायला माणूस हवाच आहे, आणि भांड्यांची पाळी आज धाकट्या दिराची आहे.