पपई पॉझिटिव्ह, डाळिंब पॉझिटिव्ह, आणि आमची आत्या

परवा आत्याचा फोन आला. आवाज बसलेला, दर दोन वाक्यांना खोकला. म्हटलं, मेडिकलमधून किट आणून कोरोनाची टेस्ट करून घे, घरात मामांचं वय झालंय. तर म्हणाली, "नको रे बाबा. त्या टेस्टमध्ये फळंसुद्धा पॉझिटिव्ह येतात म्हणं. तू लॅबमध्ये कामाला असून तुला माहीत नाही?" आणि वर, "एकादशीला भजन आहे, मी चाललेय."

मग तो फॉरवर्ड माझ्याकडे आला. 'डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत' असं मथळ्यात, खाली आठ मुद्दे, शेवटी हात जोडलेले. 2020 सालापासून हाच माल फिरतोय, फक्त दर वेळी नवं वेष्टन. कोरोनाच्या काळात रात्र रात्र पीसीआरच्या, म्हणजे नमुन्यात विषाणूचं जनुक शोधणाऱ्या लॅबच्या टेस्टच्या, प्लेटा लावणाऱ्या माणसाच्या घरातच तो घुसावा, याचा राग येणारच. तो आधी कबूल करतो आणि सुरू करतो.

मुद्दा फळाचा. मूळ गोष्ट टांझानियाची. मे 2020 मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मागुफुली भाषणात म्हणाले की, पपई आणि बकरीचे नमुने माणसांची नावं लावून लॅबला पाठवले, ते पॉझिटिव्ह आले. टांझानियाची ती पपई सोलापुरात पोहोचेस्तोवर सांगोल्याचं डाळिंब झाली, कारण आपल्याकडे पपईपेक्षा डाळिंबावर विश्वास जास्त. पुरावा काय? एक भाषण. आफ्रिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ते तेव्हाच फेटाळलं होतं.

आता लॅबच्या आत काय चालतं ते सांगतो. प्लेटीत 96 खळगे असतात. त्यातल्या एकात रुग्णाचा नमुना नसतोच, नुसतं स्वच्छ पाणी असतं. स्क्रीनवर रेघ वर चढली म्हणजे विषाणू सापडला; बाकीच्या रेघा चढत असल्या तरी या खळग्याची रेघ शेवटपर्यंत आडवी पडून राहिली पाहिजे. ती उचलली गेली की अख्खी प्लेट बाद. 2021 च्या एप्रिलमध्ये आमची एक अशीच गेली. रात्री दोनला पुन्हा पहिल्यापासून सगळं लावलं, सकाळी रिपोर्टसाठी लोक दारात उभे. शिवाय बहुतेक किटमध्ये विषाणूच्या जोडीला माणसाचं एक जनुकही शोधतात, स्वॅब खरंच माणसाच्या नाकातून आलाय का ते कळावं म्हणून. स्वच्छ पपईत हेही नाही आणि तेही नाही. रिपोर्ट येणार 'नमुना अमान्य'. आणि समजा आलीच पपई पॉझिटिव्ह, तर कुणीतरी खोकलेला हात तिला लागला किंवा लॅबमध्ये नमुने एकमेकांत मिसळले. तो दोष हाताळणाऱ्याचा. तराजूवर कुणी अंगठा ठेवला म्हणून वजनं खोटी ठरत नाहीत.

"40 वेळा वाढवलं की काहीही पॉझिटिव्ह येतं." यात अर्धं गणित आहे, म्हणून ते गळी उतरतं. पीसीआरमध्ये प्रत्येक फेरीला तुकडे दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. 40 फेऱ्यांत एकाचे एक लाख कोटींच्या वर होतात. पण शून्याचे? शून्यच. आणि दुप्पट होतो तो कुठलाही तुकडा नव्हे. या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे 30 हजार अक्षरांचा; त्यातल्या ठरावीक जागेला तंतोतंत जुळणारे वीस-बावीस अक्षरांचे तुकडे आपण टाकतो. ते जिथे चिकटतील तिथूनच नक्कल सुरू होते. साध्या सर्दीच्या विषाणूत ती जागाच नसते.

अर्धं खरं आहे तेही देऊन टाकतो. बरा झालेला माणूस पुढे कित्येक आठवडे पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण मेलेल्या विषाणूचे अवशेषही मोजले जातात. किती फेऱ्यांपर्यंतचं पॉझिटिव्ह धरायचं यावरही वाद झाला. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, सीमा 35 फेऱ्यांची ठेवली, आणि त्या आकड्यावरून कोण किती संसर्ग पसरवतोय ते ठरवू नका असंही बजावलं. म्हणजे टेस्टला मर्यादा आहेत. 'मर्यादा' आणि 'थोतांड' हे दोन वेगळे शब्द आहेत.

पीसीआर शोधणाऱ्यानेच ती निरुपयोगी म्हटली, हा मुद्दा एका तारखेत संपतो. कॅरी मुलिस यांनी ही पद्धत 1983 मध्ये शोधली, 1993 मध्ये नोबेल मिळालं, आणि ऑगस्ट 2019 मध्ये ते वारले. कोविडचं नावही जगाने ऐकलं नव्हतं. फिरतो तो व्हिडिओ एड्सबद्दलच्या जुन्या बोलण्याचा.

कोल्ड्रिंक टाकलं की रॅपिड कार्डावर, म्हणजे घरच्या किटमधल्या पट्टीवर, दोन रेघा (पॉझिटिव्ह) येतात, हे मात्र खरं. आम्हीही लिंबू पिळून पाहिलंय. आंबट पदार्थाने कार्डावरची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडणारी प्रथिनं, बिघडतात आणि रेघ उमटते. किटमधलं द्रावण हा आंबटपणा आवरायलाच दिलेलं असतं. थर्मामीटर चहात बुडवला म्हणून कुणी ताप खोटा म्हणत नाही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो तो मुद्दा: "हा रोग हवेतून पसरत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय." सांगितलं होतं, दुर्दैवाने. 28 मार्च 2020 ला संघटनेने अगदी ठणकावून तसं जाहीर केलं. जुलैत 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून उलट बाजू मांडली, तरी संघटनेला ती नीट पचायला वर्ष उलटलं. या चुकीचं समर्थन मी करणार नाही. आपणही तेव्हा भाजीच्या पिशव्या धूत बसलो होतो आणि खिडक्या बंद होत्या.

पण त्याच मार्च महिन्यात काय घडलं ते बघा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट भागात एक गायनमंडळ 10 मार्चला तालमीला जमलं. 61 जण, अडीच तास, बंद सभागृह. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत तो धरून 53 जण आजारी निघाले. 33 टेस्टने पक्के, 20 लक्षणांवरून. दोघे दगावले. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, मे 2020 मध्ये हा अहवाल छापला. शिंतोडे मीटर-दोन मीटरवर खाली पडतात एवढंच खरं असतं, तर एकाकडून इतक्या जणांना रोग कसा गेला असता? गाताना आपण पोटातून हवा सोडतो, त्याबरोबर अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. विडीचा धूर कोपऱ्यातल्या माणसापर्यंत कसा जातो, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

आता आत्याचं भजन डोळ्यांसमोर आणा. साखर पेठेतल्या एका घराची माडी, तीस बायका मांडीला मांडी लावून, टाळांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या, बहुतेकींची साठी उलटलेली. आणि पहिला स्वर लावणार आत्या, बसलेल्या घशाने.

मास्कच्या भोकांतून विषाणू आरामात जातो, हे वाचून आमचे वडील असते तर हसले असते. ते अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर होते. ताणा-बाणा विणला की मध्ये भोक राहणारच, म्हणून खांद्यावरचा एकपदरी पंचा तोंडाला गुंडाळून फारसं काही साधत नाही, हे मान्य. पण एन-95 मधला आतला थर विणलेलाच नसतो. कापूस पिंजून टाकावा तसे प्लॅस्टिकचे बारीक तंतू एकमेकांवर पडलेले असतात, वर त्यांना विद्युतभार दिलेला. कण सरळ जातच नाही, वाटेत चिकटतो. आणि विषाणू काही एकटा फिरत नाही, थेंबात बसून येतो.

"सोलापूरच्या 42 अंशांत विषाणू जगतच नाही." दुसरी लाट 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, ऐन उन्हाळ्यात आली होती, देशाचा रोजचा आकडा चार लाखांवर गेला होता. विषाणू राहतो तुमच्या नाकात. तिथे बारा महिने साधारण तेच तापमान. पुढे.

दहा सेकंद श्वास रोखता आला की फुप्फुसं ठीक, हा सगळ्यात घातकी मुद्दा. रक्तातला ऑक्सिजन खाली गेलेला असतानाही माणूस व्यवस्थित बोलत बसलेला असायचा, धाप नाही, काही नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी असाच श्वास रोखून दाखवला होता. मुलाने दुपारी ऑक्सिमीटर लावला तेव्हा 84 दिसला. वाचले ते, पण त्या फॉरवर्डमुळे नाही.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं नाही. एवढं ऐकून घेणाऱ्यांतली ती नव्हे. संध्याकाळी किट घेऊन घरी गेलो, मामांना पुढच्या खोलीत बसवलं, खिडक्या उघडल्या आणि तिच्या नाकात कांडी घातली. शिंकली, शिव्या दिल्या. पंधरा मिनिटांनी एकच रेघ.

"बघ!" म्हणाली. म्हटलं, पहिल्या दिवसांत रॅपिड हुकतं, दोन दिवसांनी पुन्हा. हे फॉरवर्डमध्ये नव्हतं, त्यामुळे तिला पटायला वेळ लागला. एकादशीला गेली नाही. मोबाइलवर हरिपाठ लावून बसली. दुसरं कार्ड उद्या सकाळी करायचंय. तो मेसेज तिला कुणी पाठवला, ते अजून सांगत नाही.